पान्याची गाठ

मिस्त्रीने अडतीस वर्षं लोकांना वर पोचवलं, आणि स्वतः मात्र रोज जिन्याने घरी गेला. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दवाखान्यांच्या लिफ्ट, कचेऱ्यांच्या लिफ्ट, एका हॉटेलची काचेची लिफ्ट, सगळ्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. राहायचा चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत लिफ्ट नव्हती. बसवायला जागाही नव्हती. त्याने स्वतः टेप लावून बघितलं होतं. शेजारी चिडवायचे, "काय मिस्त्री, शिंप्याचाच सदरा उसवलेला!" त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "माझ्या पायांना वीजही लागत नाही आणि वंगणही."

हे उत्तर आता जुनं झालं होतं. गेली दोन वर्षं दुसऱ्या मजल्यावरच त्याची छाती भरून येई आणि तिसऱ्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकत. तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर विजेचे मीटर होते. तो त्यांच्यासमोर उभा राही, चष्मा कपाळावर चढवून, आकडे वाचत असल्यासारखा. जुना मिस्त्री मीटर बघतोय, यात कोणाला काय वावगं दिसणार? दम खाली बसला की तो पुढे निघे. बायकोला यातलं काही माहीत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

बायको पोस्टात टपाल वाटायची. एकतीस वर्षं खांद्याला पिशवी, पायांत जाड तळाचे बूट, आणि गल्ली-गल्लीतली कुत्री ओळखीची. निवृत्त झाली तरी लोक तिला टपालकाकूच म्हणत.

या दोघांमध्ये एक जुनी रीत होती, तीही लिफ्टच्या धंद्यातली. लिफ्टच्या कामात एक माणूस वर मोटरच्या खोलीत असतो आणि दुसरा तळाच्या खड्ड्यात. मधे आठ-दहा मजल्यांची काळोखी पोकळी. वरच्याने काहीही हलवायच्या आधी हाक द्यायची, "आहेस?" खालून "आहे" असं ऐकू आल्याशिवाय कशाला बोट लावायचं नाही. मिस्त्रीने हा नियम घरी आणला, तो उलटा करून. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरूनच तो ओरडायचा, "आहेस?" वरून उत्तर यायचं, "आहे!" आणि त्याबरोबर चहाचं आधण चढायचं. इमारतीतल्या तीन पिढ्या ही हाक ऐकत मोठ्या झाल्या. गेल्या दोन वर्षांत ती बंद पडली होती. तिसऱ्या मजल्यावर हाकेपुरता श्वास उरायचा कुठे?

लेक परगावी नर्स होती. गेल्या खेपेला ती न कळवता आली आणि तिला बाबा तिसऱ्या मजल्यावर मीटरसमोर सापडले.  जेवताना तिने विचारलं,

"बाबा, मीटरमध्ये काय होतं?"

"आकडे."

"किती होते?"

मिस्त्रीने घास चावायला बराच वेळ घेतला.

"तेच म्हणते मी," लेक म्हणाली. "तुम्ही दोघं माझ्याकडे या. मागची खोली रिकामी आहे. रंगसुद्धा देऊन ठेवलाय."

"मी काय मोडीत काढलेलं यंत्र आहे, मागच्या खोलीत नेऊन ठेवायला?"

टपालकाकू पाणी ओतता ओतता म्हणाली, "आपल्याच इमारतीत खाली दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. इस्त्रीवाला गेला ना तिथला."

"तळमजला?" मिस्त्री उसळला. "तळाला खड्डा असतो. खड्ड्यात माणूस दुरुस्तीपुरता उतरतो. राहायला नाही."

ती गप्प बसली. लेक मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. त्या बाबतीत ती बापावर गेली होती. शब्दाला शब्द वाढला, आणि त्या भरात मिस्त्री बोलून गेला, "पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. त्या दिवशी आम्ही डोंगर चढणार आहोत. तोच, तेव्हा राहिलेला. मग बघ कोण म्हातारं झालंय ते."

"चार जिने चढवत नाहीत तुम्हाला!"

"चढून दाखवीन."

"बरं. माथ्यावरून दोघांचा एकत्र फोटो पाठवा. मी जन्मात पुन्हा खोलीचं नाव काढणार नाही. पण नाही पोचलात, तर माझ्याकडे यायचं. कुरकुर न करता."

"घोडामैदान जवळच आहे," मिस्त्री म्हणाला.

टपालकाकूला कोणी काही विचारलं नाही. ती ताटं उचलत होती.

या डोंगराची एक गोष्ट होती आणि ती मिस्त्री कोणालाही, कधीही सांगायला तयार असे. लग्न झालं तेव्हा लांब कुठे फिरायला जाण्याइतकी दोघांची ऐपत नव्हती. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती दोघं बसने डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि चढायला लागली. माथ्याच्या जरा खाली एक सरळ कडा आहे. त्यात पावलांपुरत्या खोबण्या खोदल्यात आणि आधाराला लोखंडी साखळी लावलीय. त्या साखळीपाशी पोचताच नव्या नवरीच्या चपलेचा अंगठा तुटला. "झालं!" मिस्त्री हात झटकून सांगायचा, "माथा हाताच्या अंतरावर, आणि हिच्या चपलेपायी मागे फिरलो. पुढच्या वर्षी येऊ म्हटलं. त्या पुढच्या वर्षाला चाळीस वर्षं लागली!" लोक हसायचे. टपालकाकू चहाचे कप गोळा करायची.

ठरल्या दिवशी पहाटेची बस पकडून दोघं पायथ्याशी उतरली. हवा थंड होती. पिशवीत उकडलेली अंडी, पाव, संत्री आणि पाण्याच्या दोन बाटल्या. पायांत दोघांच्याही नवेकोरे बूट, लेकीने पाठवलेले. पैज लावली म्हणून काय झालं, आईबाप घसरून पडावेत असं थोडंच कोणाला वाटतं.

बस थांब्याच्या बाकावर बसलेल्या बायकोपुढे मिस्त्री गुडघा टेकून बसला. "पाय दे इकडे. आज तुझ्या पायांवर भरवसा नाही मला. इतिहास आहे त्यांचा."

"द्या टोमणे. सकाळी सकाळी सुचतात बरे."

त्याने तिच्या बुटांच्या लेसला पान्याची गाठ मारली. हीसुद्धा धंद्यातलीच. लिफ्टच्या पोकळीत काम करताना प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला बांधतात. दहाव्या मजल्यावरून पाना निसटला, तर खाली खड्ड्यातल्या माणसाचं डोकं जागेवर राहणार नाही. म्हणून ही गाठ अशी, की फासावर फास घ्यायचा आणि दोरीचं शेपूट परत आत खोचून टाकायचं. कितीही हिसके बसोत, ती सुटत नाही. सोडायची तर नखाने शेपूट बाहेर ओढावं लागतं, आणि तेही बसून, सावकाश. अडतीस वर्षांत मिस्त्रीची एकही गाठ सुटलेली नव्हती. या गोष्टीचा त्याला त्याच्या सगळ्या कामापेक्षा जास्त अभिमान होता.

पहिला तासभर वाट झाडीतून, सोप्या चढाची होती. मिस्त्री पुढे, टपालकाकू मागे. कॉलेजातल्या पोरापोरींचा एक घोळका त्यांना ओलांडून गेला. एकीने मागे वळून विचारलं, "काका-काकू, आज काय विशेष?"

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," मिस्त्री छाती काढून म्हणाला.

"बापरे! मग ही शिक्षा कसली?"

"त्या शिक्षेला हे बक्षीस आहे," टपालकाकू म्हणाली. पोरं हसत पुढे पळाली आणि त्यांचं हसणं झाडीत बराच वेळ ऐकू येत राहिलं.

झाडी संपली तिथे एक बाई पत्र्याच्या आडोशाला चहा विकत होती. दोघांनी चहा घेतला. बाईने मिस्त्रीकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "इथून पुढे दगडी पायऱ्या आहेत. उंच आहेत. दमानं घ्या, बाबा."

"दमानंच घेतो," तो म्हणाला. त्याला ते आवडलं नाही. मलाच का सांगते ही? हिला का नाही?

पायऱ्या खरोखर उंच होत्या. एकेक गुडघ्याला लागेल अशी. वीस-पंचवीस पायऱ्यांत मिस्त्रीची कानशिलं धडधडू लागली. इथे मीटर नव्हते. कशापुढे उभं राहावं? समोरचं खोरं बघायला थांबावं तर ते दोनदा बघून झालं होतं. आता काय करावं, अशा विचारात तो असतानाच मागून आवाज आला,

"अहो, थांबा जरा. लेस सैल झालीय."

ती एका दगडावर पाय ठेवून वाकली होती. मिस्त्री कठड्याला टेकला. श्वास नाकाने घ्यायचा, तोंड मिटून, म्हणजे आवाज होत नाही. ही युक्ती तो जिन्यावर शिकला होता. थांबायला मिळालं याचा त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदात आपली गाठ सैल कशी झाली, हे विचारायचं राहून गेलं.

आणखी तीस पायऱ्या गेल्या.

"अहो, ही दुसरी लेस."

"नीट बघ. माझी गाठ आहे ती."

"तुमचीच आहे. सैल झालीय. तुम्ही उभे राहा, मी बघते."

तिसऱ्या वेळी सूर्य डोक्यावर यायला लागला होता. मिस्त्रीच्या पाठीवरून घामाची धार चालली होती आणि पाय कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटत होते. पुन्हा ती वाकली. पण या वेळी तो एक पायरी वर, तिच्या समोरच उभा होता. त्याने बघितलं, तिची बोटं लेसवर नुसती टेकली होती. काहीच करत नव्हती. आणि ती लेसकडे बघतच नव्हती. खाली मान घालून, डोळे वर करून, ती त्याच्या छातीकडे बघत होती. ती कशी वरखाली होतेय ते. मशीन गरम झालं की मिस्त्री त्याच्याकडे बघायचा, अगदी तसं.

तो वळला. पायऱ्या मोजत चढू लागला. तिसाव्या पायरीवर मागून आवाज आला, "अहो, लेस..."

तो खाली बसला. "दाखव बूट."

"कशाला?"

"दाखव म्हणतो ना."

तिने पाय पुढे केला. गाठ जशीच्या तशी होती. फासावर फास, शेपूट आत, पहाटे खोचलं होतं तसं. त्याने दुसरा बूट बघितला. तोही तसाच.

"ही सुटली नाही."

"सैल वाटली मला."

"ही सैल होत नाही. ही सैल होत असती, तर आजवर चार माणसं मेली असती खड्ड्यात."

टपालकाकूने पाय मागे घेतला आणि ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.  आता श्वासाचा आवाज लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मिस्त्रीने तोंड उघडलं आणि भात्यासारखा आवाज होऊ दिला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने विचारलं.

"तुम्ही मीटर वाचायला लागलात तेव्हापासून."

मिस्त्रीला आता एकेक आठवू लागलं. बाजारातून येताना पहिल्या मजल्यावर ही पिशवीत किल्ली शोधते. एकतीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरलेली बाई, हिला किल्ली सापडत नाही? दुसऱ्या मजल्यावर शेजारणीशी बोलत उभी राहते, जिच्याशी पूर्वी हिचं फारसं पटत नसे. तो तिच्यापासून दम लपवत होता, आणि आपल्याला ते कळलंय हे ती त्याच्यापासून. दोन वर्षं एकाच जिन्यावर दोघांचा हा लपंडाव चालला होता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मी जन्मभर लोकांची बंद पाकिटं वाटली. कुठल्या पाकिटात काय असेल ते हाताला कळायला लागतं हो. काठ कसे चिकटवलेत, अक्षर कसं आहे. पण आपण उघडायचं नसतं. ज्याचं त्याने उघडायचं."

मिस्त्रीने घाम पुसला. एक प्रश्न राहिला होता. तो विचारू नये असंही वाटत होतं.

"आणि ती चप्पल?"

"कुठली चप्पल?"

"लग्नातली. जिचा अंगठा तुटला ती."

टपालकाकूला हसू आलं. तिने ते आधी ओठांत धरलं, मग सोडून दिलं. "मीच तोडला. खडकाच्या फटीत घालून ओढला. निघता निघेना मेला, नवा होता ना! तुम्ही साखळीखाली उभे होतात, पांढरेफटक. हात साखळीला लावत नव्हतात आणि नाहीही म्हणत नव्हतात. म्हटलं, हा माणूस आता नवऱ्यासारखा नवरा म्हणून चढायला जाईल आणि पडेल. लग्नाला एकच तर दिवस झाला होता."

मिस्त्रीला तो क्षण आठवला. खरं तर तो त्याला रोजच आठवत आला होता, फक्त गोष्ट सांगताना तो त्यातून वगळायचा. लिफ्टच्या पोकळीत चारी बाजूंना भिंत असते. दहा मजले खाली काळोख असला तरी पाठीला भिंत असते. त्या कड्यावर दोन्ही बाजूंना नुसतं आभाळ होतं. तेवढ्यात चप्पल तुटली. केवढा सुटला होता तो! आणि त्याच चपलेला चाळीस वर्षं चारचौघांत नावं ठेवत आला होता.

"शंभर वेळा सांगितली मी ती गोष्ट. तू तिथेच असायचीस."

"चांगली सांगायचात," ती म्हणाली. "ते हात झटकून 'झालं!' म्हणायचात ना, ते मला आवडायचं."

 त्याने एक संत्रं सोललं आणि अर्धं तिच्या हातात दिलं. ते खाऊन दोघं उठली. पुढच्या पायऱ्या तो उघड थांबत चढला. दहा पायऱ्या आणि विसावा, दहा पायऱ्या आणि विसावा. लेसचं कोणी नाव काढलं नाही.

साखळीचा कडा आला तेव्हा दुपार झाली होती. पोरांचा घोळका वर जाऊन उतरलाही होता आणि त्यांना हात करून खाली गेला होता. आता तिथे दोघंच होती. कडा होता तसाच होता. साखळी मात्र नवी दिसत होती.

"चला," टपालकाकू म्हणाली. "एवढंच राहिलंय. मी खाली उभी राहते, तुम्ही सावकाश जा. पंधरा खोबण्या असतील. मग फोटो काढू आणि पाठवून देऊ तिला. जिंकाल तुम्ही."

मिस्त्रीने साखळीकडे बघितलं. ताकद काढली असती तर कदाचित गेलाही असता. वर पोचला असता, फोटो निघाला असता, आणि चौथा मजला त्याचा राहिला असता. मग रोज चार जिने, रोज मीटर, आणि हिच्या रोज हरवणाऱ्या किल्ल्या.

"तुला काय पाहिजे?" त्याने विचारलं.

"कशात?"

"पैज माझी आणि लेकीची लागली. तुला कोणी विचारलंच नाही."

 ती साखळीची एक कडी उगाच फिरवत राहिली. "लेकीकडे जायचं नाही मला. तिथली एक गल्ली ओळखीची नाही, एक कुत्रं ओळखीचं नाही. पण चौथा मजलाही नको झालाय. तुम्ही यायच्या वेळेला मी दाराआड उभी असते. पावलं मोजते. बहात्तर पायऱ्या आहेत आपल्या. चौपन्नाव्या पायरीवर तुमची पावलं थांबतात. ती थांबली की माझाही श्वास थांबतो, पुन्हा चालू होईपर्यंत. पूर्वी हाक तरी यायची." तिने कडी सोडली. "मला इस्त्रीवाल्याच्या त्या दोन खोल्या पाहिजेत. दार उघडलं की रस्ता. बस."

प्रत्येक लिफ्टमध्ये एक पाटी असते: सहा माणसं, चारशे आठ किलो. कोणी सातवा घुसला की मिस्त्री त्याला बाहेर काढायचा. "पाटी वाचा," म्हणायचा, "ज्याने लावली तो वेडा नव्हता." आता तो एका सपाट दगडावर बसला.

"माझी पाटी इथे आहे," तो म्हणाला. "मी नाही येत. तू जाऊन ये."

"एकटी? आणि फोटो? दोघांचा पाहिजे."

"फोटो गेला खड्ड्यात."

"मग आपणही तिथेच जाऊ या राहायला," ती म्हणाली.

तो हसला आणि हसता हसता खोकला. "जा आता. एकदा माझ्यापायी राहिलं तुझं, पुन्हा नको."

टपालकाकूने पिशवी त्याच्याजवळ ठेवली, पदर खोचला आणि साखळीला हात घातला. मिस्त्री बघत राहिला. चाळीस वर्षं तिला चालताना बघत आला होता, पण ती कायम त्याच्याबरोबर चाललेली होती, म्हणजे त्याच्या चालीने. तिची स्वतःची चाल त्याने आज पहिल्यांदा पाहिली. एक पाय, एक हात, थांबा नाही, घाई नाही. उन्हातान्हात हजार दारं करणाऱ्या बाईची चाल. बघता बघता ती कड्याच्या वरच्या काठावर पोचली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

मग नुसता वारा. मिस्त्रीला हाक मारावीशी वाटली. पण तो आज खाली होता, आणि नियमाप्रमाणे हाक वरच्याने द्यायची असते. खालच्याने वाट बघायची. अडतीस वर्षं तो बहुतेक वर असायचा; खाली उभं राहून वाट बघणं काय असतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. दाराआड उभी राहून ही रोज हेच करते, असं त्याच्या मनात आलं, आणि तो दगडावर ताठ होऊन बसला.

वरून आवाज आला. वाऱ्याने फाटलेला, पण ओळखीचा.

"आहात का?"

मिस्त्री उठून उभा राहिला. त्याने होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला.

"आहे!"

फोटो तिने काढलाच, वरून, खाली बघून. तो लेकीला पाठवला आणि उतरून येते न येते तोच फोन वाजला.

"आई, हे काय पाठवलंस? नुसते दगड आहेत."

"मधोमध ठिपका आहे ना पांढरा? ते बाबा."

"आणि तू?"

"मी काढतेय ना फोटो, बावळट!"

मिस्त्रीने फोन आपल्या हातात घेतला. "हरलो बरं का," तो म्हणाला. "वर तुझी आई गेली. मी नाही गेलो. मला दम लागतो. दोन वर्षं झाली."

 पलीकडून लेकीचा आवाज आला, नर्सचा नव्हे. "दवाखान्यात येणार का दाखवायला? सोमवारी?"

"सोमवारी येतो. पण राहायला नाही. कुरकुर करणार नाही म्हटलं होतं, तर ही शेवटची कुरकुर समज. आम्ही तळमजल्यावर जातोय, इस्त्रीवाल्याच्या खोल्यांत. तुझ्या आईने निवडलंय."

"आईने?" लेक म्हणाली. "मग ठीक आहे. तिच्याशी मी पैज लावलीच नव्हती."

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. घराशी पोचेपर्यंत दिवे लागले होते. तळमजल्यावरच्या बंद खोल्यांसमोर मिस्त्री क्षणभर थांबला, खिडकीच्या काचेवर हात धरून त्याने आत डोकावलं. इस्त्रीचं लांब टेबल तसंच होतं. "ओल नाहीये," तो म्हणाला. "मला वाटलं होतं ओल असेल."

मग जिना. पहिल्या मजल्यावर ती किल्ली शोधायला पिशवीत हात घालू लागली आणि तिचं तिलाच हसू आलं. दुसऱ्या मजल्यावर मिस्त्री सरळ पायरीवर बसला.

"दम लागला," तो म्हणाला, चांगला मोठ्याने.

शेजारणीने दार उघडून डोकं बाहेर काढलं. "काय हो मिस्त्री, इथे का बसलात?"

"लिफ्ट दुरुस्तीला काढलीय," तो म्हणाला.

शेजारीण गोंधळून आत गेली. टपालकाकू त्याच्या शेजारी बसली. तिचे पाय सुजले होते. तिने बुटाची लेस सोडायचा प्रयत्न केला, पण दिवसभर न सुटलेली गाठ आताही सुटेना.

"सोडा हो ही," तिने पाय त्याच्या मांडीवर ठेवला. "आता खरंच सोडायचीय."

मिस्त्रीने चष्मा खाली घेतला आणि नखाने शेपूट शोधलं. ते आत खोल बसलं होतं. तो सावकाश ओढत राहिला. वर जायची घाई त्याला नव्हती, आणि तिलाही.